रॉकपोर्टमधलं मेदूवड्याचं दुकान

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठवीत असताना सोलापुरातल्या एका गेम झोनमध्ये बसून तुम्ही ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड’ खेळलात. २००५ चा, २०१२ चा नव्हे. आता तिशी आली, पगार आला, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड घेतलं. फोर्झा होरायझन ५ खेळून झाला, एनएफएस (नीड फॉर स्पीड) हीट झाला, अनबाउंडही झाला. पण प्रत्येक गेम आठवड्याभरात बाजूला पडतो आणि मन परत त्या जुन्या गेममधल्या शहरात, रॉकपोर्टला जातं. हा वयाचा दोष, की त्या गेममध्ये खरंच काही होतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. २००५ च्या शेवटापासून सहा वर्षं सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत मी सहा पीसींचा गेम झोन चालवला. पुढे पुण्यात जाऊन लेव्हल डिझाइन शिकलो. मोबाइलवरच्या रेसिंग गेमसाठी रस्ते आखणं हेच गेली बारा वर्षं पोटापाण्याचं काम आहे, आणि लॉकडाऊनपासून ते जुळे सोलापुरातल्या घरून चालतं. म्हणजे हा गेम मी आधी तासाला पंधरा रुपयांनी विकला आणि नंतर तो आतून कसा बांधलाय ते बघत बसलो. (सीडी कुठून आली होती ते विचारू नका. तेव्हा सोलापुरात ती एकाच प्रकारे मिळायची.)

वयाचा भाग आहेच, तो आधी मान्य करून टाकू. शाळा सुटल्यावर मिळालेला एक तास, खिशात मोजके पैसे आणि खुर्चीमागे उभे राहून ओरडणारे चार मित्र, हे आज कुठल्याही कार्डाने परत येणार नाही. तुम्ही एकटे खेळता का, कीबोर्डवर की कंट्रोलरवर, दिवसभराच्या कामानंतर डोकं किती शिल्लक असतं, यावरही बरंच अवलंबून आहे. ज्याला गाडीत बसून शांतपणे डोंगरातून फिरायचंय त्याला फोर्झा होरायझनच आवडेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. त्याच्या कुठल्याच आठवणी या गेमशी जोडलेल्या नाहीत. मागच्या मे महिन्यात, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन असताना, त्याने हा गेम सुरू केला आणि पोलीस मागे लागले तसा खुर्चीच्या कडेला सरकून बसला. सगळंच आठवणींमुळे असतं तर त्याने तसं करायचं कारण नव्हतं.

तुमचा प्रश्न मी जरा वेगळ्या शब्दांत मांडतो. डोळे मिटा आणि रॉकपोर्टमधल्या एखाद्या पेट्रोल पंपापासून हायवेवर कसं चढायचं ते आठवा. आलं ना? आता होरायझन ५ च्या मेक्सिकोत असंच काही आठवून बघा. ज्वालामुखी आठवेल, कारण तो डोंगराएवढा आहे. पण त्याच्यापासून शहरात यायचा रस्ता? बहुतेकांना नाही आठवत. मी विचारून पाहिलंय. एक शहर तुम्हाला पाठ झालं आणि दुसरं झालं नाही, तेही दुसरं दहापट देखणं असून. असं का झालं, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

माझ्या दुकानात पोरांनी रॉकपोर्टला स्वतःची नावं ठेवली होती. त्या गेममध्ये परसूट ब्रेकर नावाची सोय होती. शहरात ठरावीक ठिकाणी अशा वस्तू उभ्या असतात की त्यांना धडक देऊन निघून गेलात तर त्या मागच्या पोलिसांवर कोसळतात. पंपाचं छप्पर पडतं, पाण्याची टाकी आडवी होते. एका डोनटच्या दुकानावर भलामोठा डोनट बसवलेला असतो, तो गडगडत रस्त्यावर येतो. आमच्याकडे २००६ साली डोनट कोणी पाहिला होता? मधोमध भोक असलेला गोल पदार्थ म्हणजे मेदूवडा. त्यामुळे ते ‘मेदूवड्याचं दुकान’ झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. कोणाच्या मागे सात-आठ गाड्या लागल्या की पाठीमागून आरडाओरडा सुरू व्हायचा, “मेदूवड्याकडं घे बे, मेदूवड्याकडं! येऊलालेत, येऊलालेत!” आणि चालवणारा पोरगा मिनीमॅपकडे, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे, न बघता डावीकडे वळायचा.

आज रस्ते आखताना मी हीच परीक्षा लावतो. खेळणाऱ्याने एखाद्या जागेला आपलं नाव ठेवलं की ती जागा जमली. आमच्या कंपनीच्या नकाशावर छापलेलं नाव कोणी वापरत नाही.

आता हे घडलं कसं ते बघू. पहिली गोष्ट थोडी उलटी वाटेल. मोस्ट वॉन्टेडमध्ये रेसपर्यंत गाडी चालवत जायची सक्तीच नव्हती. मेनू उघडा, रेस निवडा, सुरू. तुम्हीही तसंच करत असणार, सगळे करायचे. त्याआधीचा अंडरग्राउंड २ घ्या. त्यात बेव्ह्यू नावाच्या शहरभर फिरून दुकानं शोधावी लागायची, आणि निम्मा वेळ या टोकाहून त्या टोकाला जाण्यातच जायचा. ब्लॅक बॉक्सच्या लोकांनी, म्हणजे ज्या स्टुडिओने हे दोन्ही गेम केले त्यांनी, पुढच्याच वर्षी ही पायपीट काढून टाकली. मग मोकळ्या शहराचं काम काय उरलं? गोळा करायला काही नाही, कोपऱ्याकोपऱ्यावर लटकलेली बक्षिसं नाहीत. उरले फक्त पोलीस. शहरात तुम्ही एकाच कारणासाठी उतरायचात, पोलिसांना अंगावर घ्यायला आणि मग त्यांच्यापासून सुटायला. ब्लॅकलिस्टवरच्या, म्हणजे शहरातल्या बड्या रेसरांच्या क्रमवारीतल्या, पुढच्या माणसाला आव्हान द्यायचं तर रेस जिंकणं पुरत नव्हतं. डोक्यावर ठरावीक बाउंटी, म्हणजे पोलिसांनी लावलेलं इनाम, लागायची, आणि पाठलागातले माइलस्टोनही. अमुक इतके रोडब्लॉक चुकव, तमुक इतक्या वेळात निसट, असे. म्हणजे पळणं हाच अभ्यासक्रम होता.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या गेममध्ये तुमचं हत्यार गाडीत नव्हतं, शहरात होतं. गाडीत नायट्रो होता आणि स्पीडब्रेकर होता, जो वेळ मंद करतो आणि गाडी जड करतो. रस्त्यावरच्या आपल्या स्पीडब्रेकरशी त्याचा संबंध नाही. पण आठ गाड्यांचा ताफा एका फटक्यात साफ करायचा तर टाकीपर्यंत पोचावंच लागायचं. टाकी कुठे आहे, तिच्याकडे कुठल्या बाजूने शिरलं तर धडक नीट बसते, बाहेर पडल्यावर उजवीकडे काय आहे, हे माहीत असणं म्हणजेच ताकद. एकदा पाडली की त्या पाठलागापुरती ती संपली, मग दुसरी जागा आठवायची. आता २०१० चा हॉट परसूट आणि २०१३ चा रायव्हल्स बघा. गेम वाईट नाहीत, हॉट परसूट तर मला फार आवडतो. पण तिथे खिळ्यांची पट्टी आणि ईएमपी (समोरच्या गाडीला बसणारा विजेचा झटका) तुमच्याच गाडीत, बटणावर. हत्यार बरोबर घेऊन फिरता आलं की मागचा रस्ता कुठलाही असला तरी चालतो. शहर पडद्यासारखं मागे सरकत राहतं.

पाठलाग संपतानाही तेच. पोलिसांच्या नजरेतून सुटलात की कूलडाऊन, म्हणजे शोध थंडावण्याचा वेळ, सुरू होतो, आणि नकाशावर लपायच्या जागा दिसतात. तिथे जाऊन उभं राहिलं की पडद्यावरची कूलडाऊनची पट्टी लवकर भरते. ताशी दोनशेच्या वेगाने पळून आल्यावर आता इंजिन बंद केल्यासारखं गप्प उभं राहायचं आणि शेजारच्या रस्त्यावरून सायरन जाताना ऐकायचा. रेसिंग गेममध्ये थांबून राहण्याला इतकी किंमत मी दुसरीकडे क्वचित पाहिली. काही पोरं तर बसच्या टपावर गाडी चढवून बसायची. खाली पोलीस गोल गोल फिरतायत, वर हा पठ्ठ्या चहा मागवतोय.

रेडिओ विसरू नका. पोलिसांचं बोलणं सतत कानावर पडायचं, गाडीचा रंग, कुठल्या दिशेने चाललीय, पुढे रोडब्लॉक लावा, स्पाइक टाका. आमच्या पोरांना ते अमेरिकन इंग्रजी निम्म्याहून जास्त कळत नव्हतं. पण ‘स्पाइक’ हा शब्द ऐकला की एका सुरात “खिळे!” असा ओरडा व्हायचा. तुमच्याविरुद्ध काय शिजतंय ते गेम आधी सांगतो आणि मग वागायला तुम्हाला दोन-तीन सेकंद देतो. त्यामुळे पकडले गेलात तरी अन्याय झाला असं वाटत नाही. चूक आपलीच वाटते, आणि माणूस परत पंधरा रुपये काढतो.

रस्त्यांच्या आखणीबद्दल माझ्या धंद्यातलं एक गणित सांगतो. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. वळायचं की सरळ जायचं हे ठरवायला माणसाला दोनेक सेकंद लागतात, म्हणजे खूण किमान १०० ते १५० मीटरवरून दिसली पाहिजे. पाण्याची टाकी किंवा छपरावरचा मेदूवडा याला इतका योग्य का? कारण तो इमारतींच्या वर डोकं काढतो. सोलापुरात नवखा माणूस रस्ता विचारतो तेव्हा आपण त्याला रस्त्याचं नाव सांगत नाही. पाण्याची टाकी लागली की डावीकडे, पूल उतरला की दुसरी गल्ली, असं सांगतो. डोकं वेगातही तसंच चालतं. रॉकपोर्टचं शहर शिवाय एकदम उघडत नव्हतं. आधी रोझवूडचा भाग, मग पुढे पुढे बाकीचे. तोंडात मावेल एवढाच घास. आज नकाशा पहिल्या अर्ध्या तासात पूर्ण मोकळा, त्यावर दोनशे चिन्हं, आणि रस्त्यावर आखलेली जीपीएसची रेघ. रेघ असली की माणूस रेघच बघतो. माझ्या हाताखालची मुलं खेळणाऱ्यांची नजर कुठे जाते ते तपासतात, त्यात हे लख्ख दिसतं.

हा धडा मी फुकट शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका गेमसाठी मी मोठ्ठं शहर आखलं. मोठं म्हणजे उत्तम, असं तेव्हा सगळेच म्हणत होते, मीही म्हणालो. चाचणीला बसवलेली माणसं हायवे सोडून आत शिरेनात. आत शिरायचं कारणच मी ठेवलं नव्हतं. चार महिन्यांचं काम कापून निम्मं केलं, मधोमध एक गिरणीची चिमणी उभी केली, आणि तिच्याभोवतीच्या तीन बोळांत असं ठेवलं की तिथून गेलं की पाठलाग करणारा हमखास चुकतो. पुढच्या चाचणीत एक मुलगी दुसरीला म्हणाली, “धुराड्यामागून काढ.” त्या दिवशी मी घरी येताना शेंगाचटणीचं पाकीट आणि कडक भाकरीचा गठ्ठा घेऊन आलो. सणच होता तो.

आता भीतीकडे येऊ. गेमची सुरुवात आठवा. बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर हातात देतात, काही रेसांत तिची सवय लावतात, मग रेझर नावाचा प्रतिस्पर्धी रेसर दगाबाजीने ती जिंकून नेतो आणि तुम्ही गोल्फ, पुंटो, कोबाल्ट किंवा आयएस ३०० अशा साध्या गाडीपासून सुरू करता. आपलं काय गेलंय ते पहिल्या वीस मिनिटांत कळलेलं असतं. २०१२ च्या मोस्ट वॉन्टेडमध्ये क्रायटेरियन या स्टुडिओने शहरभर गाड्या उभ्या केल्या. जवळ जा, बसा, चालवा. सोय छान, पण जी गाडी रस्त्यात पडलेली सापडते तिच्यासाठी कोण रडेल? फोर्झा होरायझन तर गाड्यांची उधळण करतो, वर चूक झाली की रिवाइंडचं बटण दाबून वेळ मागे नेता येते. पोलीस नाहीतच. ताण नको असलेल्या माणसासाठी हे नीट विचार करून केलेलं आहे. तुम्हाला मात्र ताणच हवा आहे.

मोस्ट वॉन्टेडमध्ये प्रत्येक गाडीची हीट, म्हणजे पोलीस तिच्या किती मागावर आहेत त्याची पातळी, वेगळी. जास्त पळालात की ती वाढते, साध्या गाड्यांच्या जागी जड एसयूव्ही समोरून अंगावर येतात, हेलिकॉप्टर येतं, आणि पाचव्या पातळीला क्रॉस नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची कॉर्व्हेट. पकडले गेलात तर दंड आणि गाडीच्या नावावर एक खूण. खुणा भरल्या की गाडी जप्त. दुसरी गाडी वापरून किंवा रंग आणि भाग बदलून हीट उतरवता यायची. म्हणजे रंगकामालाही कारण होतं. आमच्याकडे एकाची हिरवी गोल्फ दर दोन दिवसांनी वेगळ्या रंगात यायची.

याचं जवळून पाहिलेलं एक उदाहरण देतो. त्या काळात भारनियमन होतं हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या भागात रात्री साडेआठला लाइट जायची, आणि माझा यूपीएस म्हणायला पाच मिनिटांचा, खरा दीड मिनिटाचा. एक पोरगा, चादर कारखान्यात काम करणाऱ्या घरातला, पाऊण तास पाठलागात अडकला होता. बाउंटी पाठलाग संपल्याशिवाय खात्यात पडत नाही. आठ अठ्ठावीसला तो सुटला आणि कूलडाऊन सुरू झाला. गाडी एका बोळात उभी, पट्टी हळूहळू भरतेय, बाकीचे पाचही पीसी सोडून पोरं त्याच्यामागे जमलेली. त्याचा अंगठा स्पेसबारवर होता. स्पेसबारवर पुसायला अक्षर-बिक्षर काही नसतं, पण तिथलं प्लास्टिक हँडब्रेक मारून मारून चकचकीत झालं होतं. एक पोलीस गाडी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली. कोणी श्वास घेत नव्हतं. ती पुढे गेली, पट्टी भरली, आणि पडदा बदलून आकडे मोजले जात असतानाच गल्ली काळी झाली. यूपीएसने टीं टीं करत धरून ठेवलं. “सेव्ह झालं का बे?” एवढंच कोणीतरी विचारलं. झालं होतं. त्याचे मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

हे गेमचं श्रेय की लाइटचं, असं तुम्ही विचाराल. दोन्हीचं. पण सेकंदा-सेकंदाला काहीतरी गमावण्याची टांगती तलवार गेमने आधीच बांधून ठेवली होती, लाइटने फक्त दोरी हलवली.

दोष सांगितले नाहीत तर मी भक्त ठरेन. शेवटच्या पाच-सहा जणांपर्यंत माइलस्टोन तेच तेच होतात, बारावा पाठलाग चौथ्यासारखाच वाटू लागतो. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या रबर लावल्यासारख्या मागून खेचल्या जातात. तुम्ही कितीही सफाईने चालवा, शेवटच्या वळणावर तो बंपरला चिकटलेला असतो. सगळ्या चित्रावर हळदीचं पाणी शिंपडल्यासारखा पिवळा रंग आहे. आणि स्वस्तातले कीबोर्ड एका वेळी वरचा बाण, डावा बाण आणि स्पेसबार घ्यायचेच नाहीत, त्यामुळे पोरं गेमला शिव्या द्यायची. तो दोष कीबोर्डचा होता. मी शेवटी दोन कीबोर्ड बदलले.

नंतरच्यांनी प्रयत्न केला नाही असंही नाही. हीटमध्ये रात्री कमावलेलं नाव सेफहाउसला पोचेपर्यंत तुमचं होत नाही, हा विचार थेट त्याच घराण्यातला आहे. अनबाउंडमध्ये रेस परत सुरू करायच्या संधी मोजक्याच. तिथे भीती परत आली, पण शहर पाठ करायची गरज तितकी आली नाही. उलट बर्नआउट पॅरडाइज, २००८ चा, त्याने पोलिसांशिवाय शहर पाठ करून घेतलं. रेसला ठरलेला मार्गच नाही, फक्त शेवट ठरलेला, आणि सगळ्या रेस मिळून शेवटची ठिकाणं आठच. वीस रेस झाल्या की पूर्वेकडून पश्चिमेला जायचे चार रस्ते तुमचे झालेले असतात. तुमच्या यादीत तो दिसला नाही. २०१८ ची सुधारित आवृत्ती मिळते, ती आधी घ्या.

असा गेम पुन्हा का होत नाही, याला धंद्याचंही कारण आहे. ब्लॅक बॉक्स स्टुडिओ २०१३ मध्ये बंद झाला. आणि पाठ करावं लागणारं लहान शहर जाहिरातीत दाखवता येत नाही, चौरस किलोमीटर दाखवता येतात. मी स्वतः अशा बैठकांत बसलोय. शिवाय आजचे बरेच गेम सर्व्हरला बांधलेले. द क्रू २०१४ ला आला, अख्खी अमेरिका त्यात आखली होती, आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. तुमचा मोस्ट वॉन्टेड कुठल्याही डिजिटल दुकानात आज पीसीसाठी विकायला नाही, पण तो निदान कुठल्या सर्व्हरला बांधलेला नाही.

तर तुमच्यासाठी, आत्ता, हे करून बघा. हीट परत लावा आणि सेटिंग्जमध्ये जे जे बंद करता येईल ते बंद करा. रेघ जाऊ दे, मिनीमॅप झाकायला पडद्याच्या कोपऱ्यावर कागद चिकटवला तरी चालेल. आठवडाभर शहराच्या एकाच भागात राहा. कुठल्या कोपऱ्यावर सुटता येतं ते शोधा. जमलं नाही तर जुनी डिस्क काढा, चाहत्यांनी केलेला वाइडस्क्रीनचा पॅच टाका, आणि एकटे बसू नका. भाऊ, बायको, शेजारचं पोरगं, कोणीही मागे उभं राहून ओरडायला हवं. माझा पुतण्या आता बाराव्या नंबरपर्यंत पोचलाय. मेदूवड्याचं दुकान मी त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याला डोनट ठाऊक आहे, तो काय नाव ठेवतो ते बघायचं होतं. परवा आतल्या खोलीतून आवाज आला, “काका, ट्यूबकडं घेऊ का?” टायरची ट्यूब.